तांबड्यानंतर काय?

कोल्हापुरातलं जेवण पोटात जायच्या आधी अंगावर येतं! पुण्यापासून साधारण २३० किलोमीटर ड्राइव्ह करून मी गेले कशाला, तर मामाबरोबर मटणाचं ताट खायला. तांबड्याची तिसरी वाटी, आणि नाक, डोळे, कान सगळं एकदम सुरू. पाण्याचा ग्लास उचलला, तर मामानं हात धरला. ''पाण्यानं आणि चढतंय ते. पांढरा पी की!''

मामा बरोबर होता. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. पांढऱ्यातलं नारळाचं दूध जिभेला सावरतं ते त्यामुळेच.

जेवणानंतर मामाचा पाइप ठरलेला. माझ्या लहानपणी तो रंकाळ्याच्या कट्ट्यावर निघायचा. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आली, तसा गच्चीवर गेला. निपाणी जवळच, पण तिथली तंबाखू बिडीची. मामाचे डबे बाहेरून यायचे आणि त्यांचं शास्त्र मला पाठ होतं. तिखटावर व्हर्जिनिया नको. तिच्यात साखर जास्त, ती गरम जळते आणि पोळलेल्या जिभेला चावते. बर्ली बरी, कमी साखरेची, शांत. आणि मसाल्याची चव तोंडात रेंगाळत असेल तर थोडी लटाकिया. ती धुरावर सुकवलेली, त्यामुळे तांबड्यापुढेही दबत नाही.

या वेळी गच्चीवर तिन्ही डबे आले, काडेपेटी नाही आली.

''ओढायचं बंद. तोंडात पांढरा चट्टा आलाय. डॉक्टर म्हणाले, तिखट पण नको.''

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मघाशी मामाच्या ताटात तांबडा नव्हताच! धूर छातीत ओढत नाहीत म्हणजे पाइप सेफ, असं आपल्यातले बरेच जण समजतात. मीही समजत होते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका पाइपलाही आहेच.

मामानं लटाकियाचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. ''नुसता वास घे.'' विझलेल्या चुलीसारखा वास. त्यानंही घेतला, जरा जास्तच वेळ. मग झाकण लावलं आणि खिशातून बडीशेपेची पुडी काढली.

''चल, रंकाळ्यावर चक्कर मारू.''

आम्ही अख्खा तलाव फिरलो. पूर्वी कट्ट्यावर बसून राहणारा मामा या वेळी माझ्या पुढे चालत होता.