सुपातलं गाणं

आमच्या गावात विकतचं गाणं आलं ते तव्यावर बसून. लाखेचा काळा तवा, मधोमध गोल कागद आणि त्यावर कर्ण्यापुढं बसलेलं कुत्रं. लग्नसराईत बाजारगावचा लाऊडस्पीकरवाला सायकलला पेटी बांधून यायचा. फोनोला चावी द्यायची, पिन बसवायची, की मांडवात गाणं सुरू. तवा मिनिटाला ७८ वेळा गरगरायचा आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. नवरदेवाची हळद होईपर्यंत तोच तवा दहादा वाजे. बोथट झालेली पिन त्यानं फेकली, की आम्ही पोरं ती वेचायला टपलेलो.

भजनी मंडळातल्या आबांना त्या तीन मिनिटांचा भारी राग. "आमचा अभंग रंगात बी येत न्हाई, तवर ह्येंचा संपतोय," म्हणायचे. खोटं नव्हतं. एकादशीच्या भजनात एकेका अभंगाला अर्धा तास लागे. पुढं ३३ फेऱ्यांची मोठी तबकडी आली. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं गाणं मावायचं. पण गावात ती एकाच माडीवर होती. आम्ही तिचं गाणं खालच्या रस्त्यावरून ऐकलं.

तवा काय आन् तबकडी काय, दोघांना फक्त बोलता यायचं. आपलं ऐकून घेणं त्यांच्या गावीच नव्हतं. ते जमलं कॅसेटला. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली काढलेली ही डबी आमच्या उंबऱ्यात यायला अठरा वर्षं लागली. तात्या, म्हणजे माझे चुलते, मुंबईला गिरणीत होते. १९८१ च्या दिवाळीला ते टेपरेकॉर्डर घेऊन आले. सोबत प्रल्हाद शिंद्यांची एक कॅसेट आणि एक कोरी, साठ मिनिटांची. एका बाजूला तीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी टेप आजीपुढं ठेवला. म्हणाले, "आये, गा आता."

आजी गप्प. मग म्हणाली, "जातं फिरल्याबिगर ओवी येतीया व्हय रं?"

गावात पिठाची गिरणी येऊन वर्षं झाली होती. तरी माजघरातलं जातं झाडलं, सुपात जोंधळे घेतले, आईनं दुसऱ्या बाजूनं खुंट्याला हात लावला. तात्यांनी लाल बटण दाबलं. पहिल्या चार ओव्या बिचकत आल्या, मग आजी टेप विसरली. पंढरीचा विठ्ठल झाला, बारशीला न आलेला भाऊ झाला, मुंबईला गेलेला लेक झाला. तात्या तिथंच बसून होते, खाली बघत.

एका ओवीच्या मधोमध बटण टक्कन वर आलं. बाजू संपली. आजी थांबली नाही. तात्या कॅसेट उलटी करेपर्यंत सूप रिकामं झालं, तेव्हाच ती थांबली. तिच्या गाण्याचं माप सुपात होतं.

कॅसेटच्या पाठीला दोन बारके दात असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. तात्यांनी ते अडकित्त्याच्या टोकानं मोडले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तात्या पुन्हा कामावर गेलेच नाहीत. वर्षाभरात बिऱ्हाड गावी आलं आणि टेपरेकॉर्डर विकला गेला. त्यातून दोन महिन्यांचा किराणा आला. कॅसेट तेवढी राहिली, ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. आजी गेली तेव्हाही ती वाजवायला घरात काही नव्हतं. तव्याला निदान पिन लावून कान देता येतो; रीळ डोळ्यांपुढं धरलं तरी मुकंच.

मधल्या काळात सीडी आली, शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री आली. मग नखाएवढं कार्ड आलं. तालुक्याला मोबाईलच्या दुकानात त्यात गाणी भरून मिळू लागली. २०१२ साली अशाच एका दुकानात तात्यांना घेऊन गेलो. पोरगा हुशार. कॅसेटमधला नमद्याचा तुकडा गळून पडला होता. त्यानं सगळं रीळ दुसऱ्या डबीत बसवलं, जुना टेप कॉम्प्युटरला जोडला आणि कानाला हेडफोन लावून ऐकू लागला.

"काका, आवाज चांगला हाय. पर मागं घरघर लई येतीया. काढून टाकू? निघंल."

तात्या स्टुलावरून म्हणाले, "ते जातं हाय, पोरा. ते काढलंस तर म्हातारी गाईल कशाच्या जिवावर?"

त्यानं घरघर राहू दिली. तीस मिनिटांचा तो तुकडा आता घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. शेवटची ओवी अर्ध्यात तुटते. तेव्हा सुपात अजून दोन-चार मुठी जोंधळे होते.