न कुजणारी फळी

पायाखालच्या भुईविषयी मनुष्य सहसा विचार करीत नाही. डोक्यावरचे छप्पर गळू लागले, तर तो त्याच रात्री अंथरूण सरकवतो, धारेखाली पातेले मांडतो आणि सकाळी कौले परतणाऱ्यास बोलावणे धाडतो. पायाखालची फळी मात्र जराशी दबली, तर तो पाय उचलून पुढच्या फळीवर ठेवतो आणि दबलेली फळी विसरून जातो. हे आम्ही दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. ही खोड आमची स्वतःची आहे आणि तिची किंमत आम्ही एकदा मोजलेली आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, घरापासून फार दूर, त्या किमतीची पुन्हा आठवण व्हावी असा प्रसंग आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे धाकटे बंधू अमेरिकेच्या वायव्य भागात, सिएटल शहराच्या एका उपनगरात राहतात. आमची आईही गेली सहा वर्षे त्यांच्याकडेच असते; ती तेथे का असते, ते ओघाने येईलच. तिकडे पुष्कळ घरांच्या मागील दारी जमिनीपासून थोडा उंच असा फळ्यांचा उघडा ओटा असतो. त्यास 'डेक' म्हणतात. आईने पहिल्या दिवसापासून त्याचे नाव 'ओटी' ठेवले आणि घरातील मुलांच्या तोंडीही तेच बसले. तिची सकाळची जपमाळ, दुपारचे भाजी निवडणे आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंशी खाणाखुणांनी चालणारे संभाषण, हे सारे त्या ओटीवरच. मागल्या हिवाळ्यात तेथल्या फळ्यांवर धरलेल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला, मनगट मोडले, आणि मागचे दार बंद झाले. आम्ही गेलो तेव्हा हाताचे प्लास्टर निघाले होते. दार मात्र बंदच होते. आई काचेआड खुर्ची टाकून बाहेर पाहत बसे.

"आता लाकूड नको," बंधू म्हणाले. "न कुजणारी फळी घालू. दादा, तू सध्या मोकळा आहेस. नमुने मागव, दोन-चार कारागीर बोलाव, भाव काढ. तू सांगशील त्याला काम देतो."

ज्या माणसाने आयुष्यात एक खुंटीही सरळ ठोकली नाही, त्याच्याकडे ही कामगिरी आली. पण प्राध्यापकास परीक्षक नेमले की तो नाही म्हणत नाही. आम्ही वही घेतली आणि पहिल्या पानावर पावसाचाच विचार मांडला.

सिएटल हे पावसाचे शहर म्हणून साऱ्या अमेरिकेत प्रसिद्ध आहे. आम्ही पडलो कोकणचे. या प्रसिद्धीचे आम्हांस प्रथम हसू आले. तेथे वर्षभरात पडून पडून पाऊस पडतो तो 38-39 इंच. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांतच त्याच्या दुपटीहून अधिक पडतो आणि आमच्या रत्नागिरीस तिपटीहून अधिक. पण चार माणसांना विचारल्यावर हसू ओसरले. आपला पाऊस कोसळतो, अंगण धुऊन काढतो आणि आश्विनात आपल्या वाटेने जातो. मागून येणारे ऊन पुढे सात-आठ महिने सारे खडखडीत वाळवते. तिकडचा पाऊस आश्विनात येतो तो वैशाख लागेपर्यंत झिमझिमत राहतो. वर्षातले सुमारे 150 दिवस तो हजेरी लावतो आणि ऐन हिवाळ्यात दिवस असतो साडेआठ तासांचा, तोही ढगांआड. लाकडास भिजणे मारीत नाही; न वाळणे मारते. मापाने थोडा पडणारा पाऊस फळीचा अधिक घात कसा करतो, हे कोडे आम्हांस असे उलगडले.

त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी लाल सीडरच्या फळ्यांची लांबच लांब घरे बांधीत. त्या लाकडाच्या अंगीच कुजण्यास दाद न देण्याचा गुण आहे. बंधूंची जुनी ओटीही सीडरचीच होती. पण अंगच्या गुणासही निगा लागते. दर दोन-तीन वर्षांनी फळ्या घासून त्यांस तेलपाणी करावयास हवे होते, ते या घरी कोणी केले नव्हते.

नवी संमिश्र फळी, म्हणजे तिकडच्या भाषेत 'कॉम्पोझिट', ही लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र तापवून साच्यातून दाबून काढलेली असते. पुष्कळदा हे प्लास्टिक टाकाऊ पिशव्यांचेच असते. या फळीचा धंदा तिकडे 1990 नंतरच्या दशकात भरभराटीस आला. पहिल्या पिढीच्या फळ्यांत भुशाचे कण उघडे राहत. ते पाणी पीत, फळीची टोके फुगत आणि पृष्ठावर बुरशीचे काळे ठिपके उठत. पुढे कारखानदारांनी फळीस प्लास्टिकचे कवच चढवले. काही फळ्यांस ते चारी बाजूंनी असते, काहींस वर आणि दोन्ही कडांनाच, तळ उघडा. पीव्हीसीच्या फळीत तर बहुधा लाकूड मुळीच नसते. ओल्या मुलखात तळ उघडी फळी नको, एवढा निर्णय आम्ही पहिल्याच दिवशी देऊन टाकला.

मग नमुने आले. त्यांच्या रंगांची नावे वाचून एखाद्या प्रेमकादंबरीच्या प्रकरणांची आठवण व्हावी! आम्ही ते नमुने अंगणात मांडले, त्यांवर पाणी ओतले, ओल्या पायांनी उभे राहून पाहिले. जो काळसर नमुना सर्वांस आवडला होता, तो दोन तासांच्या उन्हात असा तापला की त्यावर अनवाणी पाय ठरेना. आईने आपली ओली टाच प्रत्येक नमुन्यावर घासून पाहिली आणि खरबरीत, फिक्या रंगाचा एक बाजूस काढला. "याला निगा लागत नाही म्हणतात," आम्ही तिला माहितीपत्रकातले सांगितले. ती म्हणाली, "अरे, सारवावी लागत नाही अशी ओटी कुठे असते का?" तिचेच खरे होते. शेवाळास लाकूडच लागते असे नाही. सावली, ओल आणि फटीत साचलेला पाचोळा एवढ्यावर ते प्लास्टिकवरही सुखाने नांदते. फळी न कुजली तरी धुवावी लागतेच.

येथवर आमची वही फळ्यांनीच भरली होती. कारागीर शोधावयाचे आमच्या लेखी शेवटचे नि सोपे काम होते.

पहिला आला तो झुळझुळीत कपड्यांतला गृहस्थ. त्याने हातातल्या पाटीवर आमची ओटी नव्या रंगात चितारून दाखवली, फळीस 25 वर्षांची हमी असल्याचे सांगितले आणि आजच सही केल्यास मोठी सूट देऊ केली. जुन्या ओटीवर तो चालला. तिच्याखाली मात्र वाकून पाहिले नाही. दुसऱ्याचा भाव त्याच्या निम्म्याने होता, पण निम्मी रक्कम त्यास आगाऊ आणि रोख हवी होती. त्या राज्यात असे काम घेणाऱ्यास सरकारच्या मजूर व उद्योग खात्यात नाव नोंदवून जामीन व विमा ठेवावा लागतो आणि ती नोंद कोणासही घरबसल्या तपासता येते. बंधूंनी तपासली. या गृहस्थाचे नाव तेथे नव्हते.

तिसरा आला तो ठरल्या वेळेनंतर तासाभराने, झिमझिम पावसात. वय साठीच्या घरातले. आम्ही नमुने पुढे केले, तो म्हणाला, "रंगाचे मागाहून पाहू." गुडघ्यांवर बसून, विजेरी घेऊन तो ओटीखाली शिरला. बराच वेळ ठोकण्याचा आवाज येत राहिला. मग त्याने आम्हांस खाली बोलावले. आम्हीही विजार चिखलात माखून आत शिरलो. घराच्या भिंतीला ज्या आडव्या तुळईने ही सारी ओटी जोडलेली होती, तिच्यात त्याने पेचकस टेकवला आणि हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात सुरी जावी तसा!

त्या तुळईस तिकडे 'लेजर' म्हणतात. तीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या आम्हांस लेजर म्हणजे हिशेबाची खातेवही एवढेच ठाऊक. त्या दिवशी ओटीखालच्या चिखलात ओणवे बसून आम्ही त्या शब्दाचा दुसरा अर्थ शिकलो. म्हातारा सांगू लागला. संमिश्र फळीच्या अंगी ओटीचा भार तोलण्याचे बळ नसते. म्हणून वरच्या फळ्या कितीही नव्या तऱ्हेच्या असोत, खालच्या तुळया आणि कड्या बहुधा लाकडाच्याच असतात. भिंत आणि तुळई यांच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवावी लागते. येथे ती कोणी बसवलीच नव्हती. कड्यांना दिलेल्या औषधी लाकडात तांब्याचा अंश असतो; तो साध्या खिळ्यांना खातो, म्हणून खिळे-बोल्टही जाड जस्ताचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे हवेत. दोन कड्यांत 16 इंचांहून अधिक अंतर पडले तर संमिश्र फळी वाकते. उन्हात ती लांबीने वाढते, म्हणून टोकांशी फट हवी. आणि हमी? ती फळीची असते. खालच्या लाकडाची नव्हे. शेवटी तो म्हणाला, "पूर्वी वरची फळी आधी कुजायची आणि माणसाला खालची आठवण करून द्यायची. आता वरची नवीच्या नवी दिसते, आणि खाली काय चालले आहे ते कोणी बघत नाही."

हे वाक्य ऐकताना आम्ही सिएटलात नव्हतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराची माडी फणसाच्या फळ्यांची होती. वडील होते तोवर दर वैशाखात घर शाकारले जाई. त्यांच्यामागे ते आमच्याकडे आले. एका वर्षी माडीवर चालताना एका कोपऱ्यात फळी दबते असे वाटले. गावचा सुतार पाहून म्हणाला, "भाऊ, फळी चांगली आहे. तुळईचं टोक भिंतीत शिरलंय तिथं ओल आहे. भिंत उकलून बघूया." भिंत उकलणे म्हणजे धूळ, खर्च आणि सुट्टीचे पंधरा दिवस. आम्ही म्हटले, पुढल्या वर्षी पाहू. फळ्यांना तेवढा तेलरंग देववला. माडी झकास दिसू लागली आणि आम्ही कॉलेजला परतलो. पुढल्या आषाढात एका रात्री ते टोक सुटले आणि अर्धी माडी माजघरात आली. आई नित्याप्रमाणे माजघरात निजलेली नव्हती. उकडते म्हणून पडवीत जाऊन पडली होती. ती वाचली, ते त्या उकाड्याने. आमच्या हुशारीने नव्हे. घर राहण्याजोगे उरले नाही. आमच्या शहरातल्या दोन खोल्यांत तिचा जीव रमेना, आणि बंधू येऊन तिला घेऊन गेले. आमच्या आईच्या सिएटलमधील वास्तव्याचे कारण ते हे. बंधूंनी आम्हांस कधी शब्दाने बोल लावला नाही. आईनेही नाही. त्यामुळे आमच्या खात्यावरची ती रक्कम आजवर तशीच मांडून राहिली आहे.

त्या संध्याकाळी आम्ही बंधूंना तिसऱ्या कारागिराचे नाव सांगितले. त्याचा भाव सर्वांत चढा होता आणि तीन आठवडे थांबावे लागणार होते. "बाकीच्यांत काय वाईट होते?" त्यांनी विचारले. "ते खाली वाकले नाहीत," एवढेच आम्ही म्हणालो. बंधू काही क्षण आमच्याकडे पाहत राहिले. "बरे," ते म्हणाले, आणि सही केली. माडीविषयी आम्हां दोघांत सहा वर्षांत झालेले संभाषण ते एवढेच. पण आम्हांस ते पुरले.

ठरलेल्या सोमवारी काम सुरू झाले. म्हाताऱ्याने आधी सडलेली तुळई काढली, भिंतीचा ओला भाग कापून नवा घातला, पत्र्याची पट्टी बसवली, मग नवी तुळई. कड्यांच्या माथ्यावर पाणी मुरू नये म्हणून त्याने चिकटपट्टी ओढली. आमच्या सांगण्यावरून पायरी बसकी केली आणि दोन्ही बाजूंना कठडा दिला. फळ्या ठोकण्याआधी त्याने काम थांबवले आणि प्रत्येक सांध्याची छायाचित्रे काढून बंधूंच्या हवाली केली. "हे पुन्हा कोणाला दिसणार नाही," तो म्हणाला. आम्ही इतकी वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. झाकले जाणारे काम आपण होऊन तपासावयास देणारा परीक्षार्थी आमच्या पाहण्यात हा पहिलाच. फळ्या घालावयास दोनच दिवस लागले, आणि रंगाची निवड, जिच्यासाठी आम्ही वहीची तीस पाने खर्ची घातली, ती आईच्या टाचेने केव्हाच केली होती.

आम्ही निघण्याच्या आदल्या सकाळी भुरभुर पाऊस येऊन गेला होता. आईने स्वतः मागचे दार उघडले, कठड्याला धरून बाहेर पाऊल टाकले आणि ओल्या फळीवर ते दोनदा घासून पाहिले. मग ती खुर्चीत बसली, मांडीवर घेवड्याच्या शेंगांचे ताट घेतले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "गावची पडवी तरी शाबूत आहे का रे?"

परत आल्यावर श्रावणातल्या पहिल्या जोड सुट्टीत आम्ही गावी गेलो. तो सुतार आता थकला आहे. त्याचा मुलगा काम पाहतो. काय करावयाचे, असे त्याने विचारले. आम्ही त्यास म्हणालो, "रंगाचे मागाहून पाहू. आधी भिंत उकल."