लक्ष्मी रोड, दोन मिनिटांत

एक प्रयोग करून बघा. मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावा आणि तुमच्या शहरातल्या सगळ्यात फेमस रस्त्याबद्दल इंग्रजीत बोलायला लागा. मध्ये थांबायचं नाही. 'म्हणजे काय ना...' असं मराठीत घुसायचं नाही. पहिली वीस सेकंदं झकास जातात. व्हेरी फेमस, व्हेरी क्राउडेड, लॉट ऑफ शॉप्स. मग गाडी अडते. मग पुन्हा व्हेरी क्राउडेड. पुन्हा लॉट ऑफ शॉप्स. आणि टायमरवर अजून सव्वा मिनिट शिल्लक!

मी हा प्रयोग फी भरून केलाय.

कॅनडाच्या पीआरसाठी आयेल्ट्स द्यायची होती. मला हवे होते लिसनिंगमध्ये आठ आणि बाकी तिन्हींत सात. ऑफिसात रोज परदेशातल्या क्लायंटशी बोलणारी मी, स्पीकिंगचं टेन्शन घेतलंच नव्हतं. अकरा ते चौदा मिनिटांचा तर खेळ! त्यातल्या दुसऱ्या भागात एक कार्ड हातात देतात. विचार करायला एक मिनिट, टिपायला कागद-पेन्सिल आणि मग जास्तीत जास्त दोन मिनिटं आपण एकट्यानं बोलायचं. माझ्या कार्डावर होतं, तुमच्या शहरातल्या एका प्रसिद्ध रस्त्याचं वर्णन करा.

मनात म्हटलं, लॉटरी! जन्म पुण्यातला, बाबांची ३४ वर्षांची नोकरी लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात. दुसरा रस्ता आठवायचा प्रश्नच नव्हता.

स्पीकिंगमध्ये मिळाले साडेसहा. उरलेला अर्धा मार्क लक्ष्मी रोडवर सांडला.

मग क्लास लावला. तिथल्या सरांनी वर्णनाच्या शब्दांची दोन पानी झेरॉक्स हातात ठेवली. खोटं कशाला बोलू, ती कामाची होती. क्राउडेड आणि बसलिंग यांतला फरक मला तिथे पहिल्यांदा कळला. गर्दी दोन्हींत आहे, पण क्राउडेड म्हणताना कपाळावर आठी असते आणि बसलिंग म्हणताना डोळ्यांत चमक. आपल्याकडे नाही का, 'खचाखच' वेगळं आणि 'गजबजलेलं' वेगळं! घासाघीस करायला हॅगल. बार्गेन म्हणजेही भाव करणं, पण 'इट वॉज अ बार्गेन' म्हटलं की वस्तू स्वस्तात पडली. दोन्ही बाजूंनी दुकानं असली की रस्ता 'लाइन्ड विथ शॉप्स'. फुटपाथला ब्रिटिश माणूस पेव्हमेंट म्हणतो आणि अमेरिकन साइडवॉक. अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे गाड्या चालतात तो रस्ता. म्हणजे एकानं 'पेव्हमेंटवरून चाल' म्हटलं आणि दुसऱ्यानं ऐकलं तर थेट बसखाली!

आठवडाभर मी झेरॉक्स घोकली आणि एका रविवारी हॉलमध्ये उभं राहून रेकॉर्डिंग केलं. लक्ष्मी रोड इज अ व्हायब्रंट अँड बसलिंग थरोफेअर इन द हार्ट ऑफ द सिटी. पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ एन्जॉय द हसल अँड बसल. एकदम सुसाट. दोन मिनिटं पूर्ण, एकदाही अडखळले नाही. स्वतःवरच जाम खूश.

बाबा पेपर वाचत बसले होते. त्यांचं इंग्रजी दुकानापुरतं, पण कान तिखट.

"छान बोललीस," ते म्हणाले. "कुठल्या रस्त्याचं होतं?"

"बाबा! लक्ष्मी रोडचं!"

"हो का? मला वाटलं दिल्लीबिल्लीकडचा असेल." त्यांनी चष्मा काढला. "नाही, नाव ऐकू आलं गं मला. पण यात लक्ष्मी रोड कुठे होता?"

स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं. मला मात्र राग आला. त्यांना काय कळतंय, परीक्षा माझी आहे, असं मनात येऊन गेलं. रात्री रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. त्यात लक्ष्मी रोड खरंच नव्हता. नाव बदलून तेच भाषण लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटला चाललं असतं, मुंबईच्या लिंकिंग रोडलाही. शब्द झेरॉक्सचे होते, रस्ताही झेरॉक्सचाच झाला होता.

पुढच्या शनिवारी बाबा म्हणाले, "चल. पण सकाळी आठला. रस्ता बघायचा तर दुकानं उघडायच्या आधी बघावा."

आनंदनगरहून मेट्रो धरली, जिल्हा न्यायालयाला बदलली आणि मंडईला उतरलो. भुयारातलं हे स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं. बाबा त्याआधीच रिटायर झाले, त्यांची सगळी नोकरी बस आणि सायकलवर झाली. सरकत्या जिन्यावर ते म्हणाले, "उशीरच केला म्हणायचा यांनी."

बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागलो आणि मी थबकले. इतका रिकामा रस्ता मी बघितलाच नव्हता. शटर बंद. कुणी दुकानापुढे झाडत होतं, कुणी तांब्यातून पाणी शिंपडत होतं. कुठून तरी उदबत्तीचा वास. एक माणूस सायकलवरून झेंडूचे हार वाटत चालला होता. मग एक शटर वर गेलं, आणि त्या शांततेत तो खडखडाट पार पुढच्या चौकापर्यंत गेला असेल.

मी सवयीनं इंग्रजी शब्द शोधत होते. डिझर्टेड? छे, ते ओसाड झालं. ओसाड जागेत कुणी परत येणार नसतं. इथे तर सगळे यायचेच होते. शेवटी साधं वाक्य सुचलं, द स्ट्रीट इज गेटिंग रेडी. रस्ता तयार होतोय. झेरॉक्सवर नसलेलं माझं पहिलं वाक्य.

बाबांनी त्यांच्या जुन्या दुकानाच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. आतला पोरगा नवीन, त्यानं ओळखलं नाही. बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

समोर चहा घेत अकरा वाजेपर्यंत आम्ही बसलो. रस्ता हळूहळू भरत गेला आणि बाबांची कॉमेंट्री सुरू झाली. "चाल बघायची. घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सरळ दुकानात शिरतं. बघायला आलेलं काचेच्या कडेकडेनं जातं. आणि पेठेतला माणूस रस्त्याच्या मधून चालतो, रस्ता त्याच्या वाडवडिलांचा असल्यासारखा."

मी वहीत लिहीत गेले. ताडताड जातो तो स्ट्राइड. रमतगमत जातो तो स्ट्रोल. पेठेतल्या माणसाला सॉन्टर, म्हणजे निवांत, कुणाची पर्वा नसल्यासारखं. आणि स्कूटर, रिक्षा, पिशव्या यांच्या फटींतून ज्या बायका पलीकडे जात होत्या त्यांच्यासाठी वीव्ह. बाबांना सांगितलं, "कापड विणण्यालाही हाच शब्द, बाबा." ते एकदम खूश! "बरोबरच आहे की. धोटा असाच जातो, धाग्यांच्या मधून."

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. आजी, मावश्या, कडेवरची पोरं, लाजणारी नवरी, कंटाळलेला भाऊ, सगळे उतरले. बाबा उठून उभेच राहिले. "बस्ता!"

बस्त्याला इंग्रजी शब्द काय? मी दहा मिनिटं डोकं खाजवलं. वेडिंग शॉपिंग म्हटलं तर निम्मं निसटतं. मग सरांचं एक वाक्य आठवलं, शब्द सापडला नाही तर गप्प बसू नका, अर्थ सांगा. आडून सांगता येण्यालाही परीक्षेत किंमत असते. मी लिहिलं, लग्नाआधी अख्खं घर एकत्र येतं आणि एका बैठकीत सगळ्यांचे कपडे घेतं, नवरीपासून नवरदेवाच्या आत्यापर्यंत, आणि आत्याची साडी नवरीच्या साडीपेक्षा अवघड असते. हे इंग्रजीत सांगायला एकही मोठा शब्द लागला नाही.

"तुम्ही फॉरेनरला काय सांगायचात?" मी विचारलं.

"फील द क्लॉथ, मॅडम. नो कंपल्शन." बाबांनी हवेतच साडी उलगडली, पदर खांद्यावर टाकला. "आम्ही 'ब्युटिफुल साडी' कधी म्हणायचो नाही. ते गिऱ्हाइकानं म्हणायचं. आपण फक्त उलगडायची."

माझ्या क्लासच्या फीमध्ये न मिळालेला फंडा तो हाच. व्हायब्रंट, ब्युटिफुल, लाइव्हली हे सगळे निकाल आहेत. निकाल ऐकणाऱ्याला लावू द्यावा. आपण क्रियापदं द्यावीत. कोण शिंपडतंय, कोण घासाघीस करतंय, कोण वाट काढतंय. ती नीट मांडली की रस्ता आपोआप गजबजतो.

परतताना मी गणपतीबद्दल विचारलं. मंडईजवळ टिळकांच्या पुतळ्यापासून विसर्जन मिरवणूक निघते, मानाचे पाच गणपती याच रस्त्यानं अलका चौकाकडे जातात आणि सगळी मिरवणूक संपायला चोवीस तासांच्या वर जातात. त्या गर्दीला शब्द कुठला? पॅक्ड? थ्राँग? बाबा म्हणाले, "त्या रात्री आपण चालत नाही गं. आपल्याला चालवलं जातं." मी लिहिलं, यू डोन्ट वॉक, यू आर कॅरिड.

आणि याच रस्त्यावर महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ ला गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला होता. त्या दिवशी म्हणे बाबा दुकानाबाहेर येऊन नुसतेच उभे राहिले होते, कारण पैजणांचा आवाज ऐकू येत होता. पादचाऱ्याला इंग्रजीत पेडेस्ट्रियन. गंमत म्हणजे याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे नीरस, सपक. माझं पहिलं भाषण अगदी त्या अर्थानं पेडेस्ट्रियन होतं. पायी चालल्याशिवाय लिहिलेलं असूनसुद्धा!

दुसऱ्यांदा परीक्षेला बसले तेव्हा कार्डावर रस्ता नव्हता. कार्डावर होतं, तुम्हाला आवडणाऱ्या एका शांत जागेचं वर्णन करा.

एक मिनिट. पेन्सिल. कुणी देऊळ सांगेल, कुणी टेकडी, कुणी लायब्ररी. मी कागदावर लिहिलं, लक्ष्मी रोड, सकाळी आठ. मग सांगितलं की पुण्यातल्या सगळ्यात गोंगाटाच्या रस्त्यावर मी शांतता ऐकली आहे. पाणी शिंपडणारा माणूस सांगितला, हार वाटणारी सायकल सांगितली, पहिल्या शटरचा आवाज सांगितला. एका दुकानाचा उंबरा सांगितला, जिथे माझे बाबा ३४ वर्षं रोज वाकले आणि जिथे आता त्यांना कुणी ओळखत नाही. एके ठिकाणी अडखळले. तो अडखळा इंग्रजीचा नव्हता. परीक्षकांनी दोन मिनिटं झाल्यावर थांबवलं तेव्हा माझं बोलणं संपलंच नव्हतं.

स्पीकिंगमध्ये साडेसात आले.

घरी पेढे आले. आईनं देवापुढे ठेवले आणि डोळे पुसले. बाबांनी विचारलं, "रस्त्याचं बोललीस?"

"बोलले."

"दुकानाचं?"

"तेही."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ पेपर चाळला. मार्क मिळाले याचा अर्थ आता मी जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं आणि कुणीच म्हणत नव्हतं.

"तिथला मोठा रस्ता कुठला गं?"

"टोरांटोत यंग स्ट्रीट."

"मग तिथे गेलीस की एकदा सकाळी आठला जा," बाबा म्हणाले. "दुकानं उघडायच्या आधी. आणि रात्री फोन करून मला सांग, कसा आहे ते. मराठीत सांग." मग पेढ्याचा तुकडा मोडत म्हणाले, "आणि छान आहे, मोठा आहे असलं काही सांगू नकोस. कोण झाडत होतं, ते सांग."