नेता सभागृहाचा, निवड कुणाची?

२०१९ पूर्वी आमच्या कारंज्यात 'गटनेता' हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. आता बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही गटनेता, प्रतोद, व्हीप, अपात्रता यावर तासभर बोलतो. खरा गटनेता कोण, कुणाचा व्हीप चालतो, अध्यक्षांनी कुणाला मान्यता दिली, याचे त्याला पाठांतर झालेले आहे. लोक राजकारण समजून घेऊ लागले याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. सभागृहाचा नेता निवडण्याची ही जी भांडणे चालतात, त्यात आपले, म्हणजे अनुसूचित जातींचे, बौद्धांचे, वस्तीतल्या माणसाचे स्थान काय? आपण निवडणारे आहोत, की नुसते मोजले जाणारे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला गुवाहाटीच्या हॉटेलात जाण्याची गरज नाही. ते आपल्या वऱ्हाडाच्या इतिहासातच आहे.

आज कारंजा वाशिम जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात होतो आणि स्वातंत्र्यापूर्वी वऱ्हाडासह 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये या प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. एकूण ११२ जागा. त्यापैकी २० जागा अस्पृश्यांसाठी राखीव होत्या, त्या २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातून आलेल्या. म्हणजे संयुक्त मतदारसंघातून निवडून यायचे, सवर्णांच्या मतांवर आणि पक्षाच्या कृपेवर. काँग्रेसला बहुमत मिळाले आणि जुलै १९३७ मध्ये नागपूरचे डॉ. ना. भा. खरे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. त्या वेळी या पदाला पंतप्रधान म्हणत. त्यांच्या त्या पहिल्या मंत्रिमंडळात अस्पृश्य समाजाचा एकही मंत्री नव्हता. २० राखीव जागांचे सभागृह आणि मंत्रिमंडळात शून्य!

वर्षभरात भांडण पेटले. एका बाजूला मराठी भागातले डॉ. खरे आणि त्यांचे सहकारी, दुसऱ्या बाजूला महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता. मे १९३८ मध्ये पंचमढीला काँग्रेसश्रेष्ठींसमोर समझोता झाला, तो टिकला नाही. २० जुलै १९३८ ला खरे यांनी राजीनामा दिला आणि सर्व मंत्र्यांनी तो द्यावा असे सांगितले. शुक्ल, मिश्र, मेहता यांनी नकार दिला. रात्रभर घडामोडी झाल्या, गव्हर्नरने त्या तिघांना काढले आणि २१ जुलैला खरे यांचे नवे मंत्रिमंडळ उभे राहिले. रात्रीत सरकार बदलण्याचा शोध २०१९ मध्ये लागला असे समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

या नव्या मंत्रिमंडळात एक नाव होते अग्निभोज. अनुसूचित जातीचे, काँग्रेसचेच आमदार. पण हे मंत्रिमंडळ दोन-तीन दिवसच टिकले. खरे यांना श्रेष्ठींसमोर राजीनामा द्यावा लागला. वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी बसली, तिने त्यांना दोषी ठरवले आणि तिथेच विधिमंडळ पक्षाची बैठक होऊन शुक्ल यांची नेतेपदी निवड झाली. सभागृह नागपूरला, नेता निवडला वर्ध्याला! शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात पुन्हा अस्पृश्य समाजाचा एकही मंत्री नव्हता.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावरील इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली आहे. अस्पृश्यांच्या मनात अशा महत्त्वाकांक्षा निर्माण केल्याबद्दल गांधींनी आपल्याला दोष दिला, असे खरे जाहीरपणे सांगत होते. गांधींनी त्याचा कधी इन्कार केला नाही, असेही बाबासाहेब तिथे नोंदवतात.

आपल्या लोकांत ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा ती इथेच थांबते. गांधी वाईट, खरे चांगले! आम्हाला हे पटत नाही. खरे यांना अग्निभोज आठवले कधी? १९३७ मध्ये सत्ता हातात होती, बहुमत होते, श्रेष्ठींचा आशीर्वाद होता, तेव्हा आठवले नाहीत. वर्षभराने खुर्ची डळमळली, तीन मंत्री गेले, नवे चेहरे हवे झाले, तेव्हा आठवले. हेच खरे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांबरोबर सदस्य होते आणि त्यानंतर हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे अस्पृश्यांचा प्रश्न त्यांच्या राजकारणाचा पाया नव्हता, तो भांडणातला एक पत्ता होता. एकाने पत्ता टाकला, दुसऱ्याने तो उचलून बाजूला ठेवला. मंत्री कोण व्हावे हे त्या २० राखीव आमदारांना कुणी विचारले नाही. ना खरे यांनी, ना वर्ध्याने.

आता गेल्या काही वर्षांकडे या नजरेने पाहा.

२३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी राजभवनात शपथविधी झाला. त्याला आधार होता गटनेता म्हणून अजित पवारांनी दिलेल्या ५४ आमदारांच्या सह्यांच्या पत्राचा. राष्ट्रवादीने त्यांना गटनेतेपदावरून दूर करून ती जबाबदारी जयंत पाटलांकडे दिली. २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि सरकार पडले. ४ फेब्रुवारी २०२१ ला नाना पटोलेंनी विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर जवळपास १७ महिने राज्याच्या विधानसभेला अध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. निवडणुकीची पद्धत बदलली म्हणून राज्यपाल तारीख देत नव्हते. सरकार बदलताच ३ जुलै २०२२ ला ती निवडणूक झाली आणि १६४ विरुद्ध १०७ मतांनी राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. मधल्या काळात २१ जून २०२२ ला शिवसेनेने एकनाथ शिंदेंना काढून अजय चौधरींना गटनेता केले, आणि नव्या अध्यक्षांनी शिंदे यांनाच गटनेता मानले.

११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गटनेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गटाचा नाही, राजकीय पक्षाचा आहे. फोडाफोडीला लगाम म्हणून हे योग्यच आहे. पण आमचा प्रश्न इथूनच सुरू होतो. पक्ष म्हणजे कोण? पक्षात निवडणूक होते का? वाशिम जिल्ह्याच्या साध्या कार्यकर्त्याला गटनेता निवडण्यात मत आहे का? समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला रॉबर्ट मिशेल्स होता. लोकशाहीचे नाव घेणाऱ्या संघटनासुद्धा शेवटी मूठभरांच्या हाती जातात, असे त्याने १९११ मध्ये मांडले. तेव्हा हा परीक्षेतला दहा मार्कांचा प्रश्न वाटत होता. आता रोज पेपरात दिसतो.

पक्ष म्हणजे कोण, हे कारंज्याच्या माणसाला तर वेगळे सांगायला नको. आमचे भाजपचे आमदार राजेंद्र पाटणी यांचे २३ फेब्रुवारी २०२४ ला निधन झाले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांचे पुत्र शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते, आणि २००९ मध्ये राष्ट्रवादीकडून आमदार झालेल्या दिवंगत प्रकाश डहाके यांच्या पत्नी सई डहाके भाजपकडून. त्या निवडून आल्या. यात कुणा व्यक्तीवर टीका करण्याचा हेतू नाही. सांगायचे एवढेच की चिन्हे इकडची तिकडे होतात, आणि ती कोणी केली हे मतदाराला निकाल लागल्यावरही कळत नाही.

'वरची भांडणे वरच राहू द्या, आपल्याला काय?' असे आमचे काही मित्र म्हणतात. आपल्याला काय, ते सांगतो.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम १६ आहे. राज्यस्तरीय दक्षता व संनियंत्रण समिती, अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री. वर्षातून किमान दोन बैठका, जानेवारी आणि जुलै महिन्यात. आता २०२२ चा जुलै आठवा. ३० जूनला शपथविधी झाला आणि ९ ऑगस्टपर्यंत एवढ्या मोठ्या राज्याचे मंत्रिमंडळ होते फक्त दोन माणसांचे. सामाजिक न्याय मंत्री नाही. विदर्भात अतिवृष्टीने शेते वाहून जात होती. १४ ऑगस्टला खातेवाटप झाले तेव्हा सामाजिक न्याय खाते मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवले, आणि २०२३ च्या जुलैत नव्या भागीदारांना खाती वाटली तेव्हाही ते तिथेच राहिले. प्रत्येक गटाला हवे होते अर्थ, गृह, नगरविकास. सामाजिक न्यायासाठी कुणी रुसले, हॉटेल गाठले, असे आम्ही ऐकले नाही.

त्याच पावसाळ्यात आम्ही एका मजूर कुटुंबासोबत एका कार्यालयाच्या पायऱ्या चढत होतो. मारहाणीचे आणि जातिवाचक शिवीगाळीचे प्रकरण, दोषारोपपत्र दाखल झालेले. नियमाने अर्थसहाय्याचा पुढचा हप्ता मिळायला हवा होता. टेबलामागचा माणूस म्हणाला, "निधी आला नाही, वरूनच सगळं अडकलं आहे, टीव्ही पाहत नाही का?" त्या माउलीने आम्हाला विचारले, "दादा, वरचं भांडण मिटल्याबिगर आपलं काहीच होत नाही का?" याचे उत्तर कोणत्या पुस्तकात आहे?

२०२४ मध्ये तर कारंजा-मानोरा मतदारसंघाला फेब्रुवारीअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत आमदारच नव्हता. सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घ्यावी लागत नाही, असा कायदा आहे. आमदाराचे शिफारसपत्र, विधानसभेत एखादा तारांकित प्रश्न, या गोष्टी नऊ महिने बंद. बड्या माणसाला आमदार लागत नाही, त्याचा थेट मंत्रालयात फोन असतो. आमदार लागतो तो ज्याच्याकडे दुसरा रस्ता नाही त्याला.

आणि निवडणुकीनंतर? १३२, ५७ आणि ४१ असे प्रचंड आकडे असूनही २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर नवा मुख्यमंत्री शपथ घ्यायला ५ डिसेंबर उजाडला. विरोधी बाकांवर २८८ च्या दहा टक्के कुणाकडेच नव्हते, म्हणून विरोधी पक्षनेतेपदावर घोळ. दहा टक्क्यांची अट हा संकेत आहे. १९७८ च्या राज्याच्या कायद्यात विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्य केलेला नेता एवढेच म्हटले आहे. म्हणजे पुन्हा सगळे अध्यक्षांच्या मान्यतेवर. हे पद शोभेचे नाही. राज्य मानवी हक्क आयोगाच्या नेमणुका करणाऱ्या समितीत विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. ज्या आयोगाकडे कोठडीतल्या मारहाणीची तक्रार जाते, तिथे कोण बसणार हे ठरवणाऱ्या टेबलावरची ही एक खुर्ची आहे.

आता मुख्य मुद्दा. आजच्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. शेजारचा वाशिम मतदारसंघ त्यातलाच. म्हणजे ५४ आमदार. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे नेमके एवढेच आमदार होते, आणि तेवढ्यांच्या सह्यांनी सरकार बनत होते! पण राखीव जागांवरच्या या ५४ जणांनी एकत्र बसून 'सामाजिक न्यायाचा स्वतंत्र मंत्री दिल्याशिवाय आम्ही आमच्या-आमच्या पक्षाच्या नेतानिवडीत हात वर करणार नाही' असे एकदा तरी म्हटल्याचे आठवते का? ते सुरतेला गेले, गुवाहाटीला गेले, मुंबईच्या हॉटेलात राहिले. त्यांची डोकी मोजली गेली, तोंड कुणी उघडले नाही. १९३८ चे अग्निभोज एकटे होते, आजचे ५४ जणही एकेकटेच आहेत. पुणे कराराने दिलेला प्रतिनिधी कुणाला उत्तरदायी असतो, हा बाबासाहेबांचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे.

यावर कुणी म्हणेल, आपल्या स्वतःच्या पक्षांचे काय? बरोबर आहे. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चार रिपब्लिकन खासदार खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. ही ताकद थोडी नव्हती. ऐक्य टिकले नाही, कारण नेता कोण हा प्रश्न तिथेही कार्यकर्त्यांच्या मतदानाने सुटला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. तो इशारा त्यांच्या अनुयायांना लागू नाही, असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. कोण गटनेता झाला यावर टाळ्या किंवा शिव्या देण्यात आपली शक्ती घालवू नका. राखीव जागेवरचा आमदार गावात आला, जयंतीच्या स्टेजवर चढला, निळा फेटा बांधून घेतला, की त्याला माईकवरच विचारा: दादा, तुमच्या पक्षाचा नेता निवडला तेव्हा मतदान झाले का? तुम्ही काय बोललात? दक्षता समितीची जानेवारीची आणि जुलैची बैठक कोणत्या तारखेला झाली? तारीख सांगता आली नाही तर हार परत घ्या. माहिती अधिकारात अर्ज करून त्या तारखा मागवा आणि विहाराच्या फलकावर लावा. याला फार मोठी चळवळ लागत नाही, दहा रुपयांचा अर्ज आणि चार माणसे लागतात.

अग्निभोजांना मंत्री करायचे की नाही, हे १९३८ मध्ये नागपुरात आणि वर्ध्यात ठरले, कारण विचारणारे कुणी नव्हते. आज विचारणारे आहेत. शिकलेले आहेत, संघटित व्हायचे बाकी आहे.

जय भीम!