वरून आलेला

त्याची-माझी ओळख झाली ती मी त्याच्यात पडले म्हणून. जानेवारीतली संध्याकाळ होती. रस्ता आणि फूटपाथ यांच्यामध्ये बर्फाचा सपाट, शहाण्यासारखा दिसणारा पट्टा होता. बसमधून उतरले, त्यावर पाऊल टाकलं आणि डावा पाय मांडीपर्यंत नाहीसा झाला. गुडघा सोलवटला, पिशवीतली डझनभर अंडी गेली. मागून फरची टोपी घातलेली एक म्हातारी धावत आली, माझ्या काखेत हात घालून मला वर ओढताना ओरडत होती, "अरिक! अरिक!" मला वाटलं, नातवाला मदतीला बोलावतेय. नातू काही आला नाही. मग तिने बुटाच्या टोकाने बर्फातलं भोक दाखवलं आणि पुन्हा सावकाश, मंद मुलाला शिकवावं तसं म्हणाली, "अ-रिक."

ती आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी निघाली. कझाकस्तानात आजीच्या वयाच्या बाईला आपा म्हणतात, म्हणून ती माझी आपा. आणि मी तिची 'किझिम', म्हणजे लेक. अल्माटीत आल्याला तेव्हा मला नऊ दिवस झाले होते. नोकरीचं पत्र, भाड्याचं घर, फोनचं सिमकार्ड असं सगळं हातात होतं, पण शहरात शिरल्यासारखं काही वाटत नव्हतं. शिरले ती त्या भोकातून.

बर्फ वितळल्यावर गृहस्थ नीट दिसले. फूटभर-दीडफूट रुंद, कुठे गुडघ्याइतका, कुठे मांडीइतका खोल, सिमेंटचा उघडा नाला. रस्ता संपला की तो, त्याच्यापलीकडे झाडांची रांग, मग फूटपाथ. दुकानात जायचं तर त्याच्यावरची लोखंडी जाळी किंवा चार पावलांचा पूल ओलांडायचा. अंगावर कुठे टवके उडालेले, कुठे एल्म झाडाच्या मुळाने कूस फोडलेली, कुठे नव्या दगडी फरश्यांचा कोट चढवलेला. कझाक भाषेत 'अरिक' म्हणजे रोडका, किडकिडीत असाही अर्थ होतो. हाडं निघालेल्या घोड्यालाही तोच शब्द. नाव अंगावर शिवल्यासारखं बसतं.

आपल्याकडे रस्त्याकडेला उघडा नाला दिसला की नाक आपोआप आवळतं. माझंही आवळलं. मोडक्यातोडक्या रशियनमध्ये मी त्याला गटार म्हटलं आणि आपा अशी रागावली की दोन दिवस चहाला बोलावलं नाही. तिचं बरोबरच होतं. गटार घरातून निघतं, हा डोंगरातून निघतो. आणि मला ते कळायला हवं होतं, कारण मी साक्री तालुक्यातली, पांझरेच्या काठची. आमच्याकडे फड पद्धतीत नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि पाणी सोडायला पाटकरी, असा कित्येक पिढ्यांचा संसार आहे. परदेशात पाय मोडता मोडता वाचला तो ज्याच्यात, तो साधा पाट होता! फक्त शेतातून उठून शहरात, ट्रॉलीबसच्या तारांखाली येऊन राहिलेला.

इथे त्याला काम काय, तर झाडं जगवणं. अल्माटीच्या दक्षिणेला अलाताऊची भिंत उभी आहे. अलाताऊ म्हणजे कबरा डोंगर. खडक आणि बर्फ यांचे पट्टे पाहिले की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. शिखरं चार हजार मीटरांच्या वर जातात. 1854 साली रशियनांनी या पायथ्याशी किल्ला बांधला, त्याभोवती व्हेर्नी नावाचं गाव वाढलं. 1921 मध्ये त्याचं अल्मा-अता झालं आणि पुढे अल्माटी. पायथ्याची जमीन चांगली, पण उन्हाळा कोरडा. डोंगरातून थोरली आणि धाकटी अशा दोन अल्मातिन्का नद्या उतरतात. त्यांचं पाणी रस्त्यारस्त्याने फिरवलं, म्हणून ओक, एल्म, पॉप्लर यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पाहुणे म्हणतात, वा, शहराने जंगल राखलंय. कसलं जंगल? एकेक झाड हाताने लावलेलं आणि याच्या ओंजळीने वाढलेलं.

स्वभावाने तो दुतोंडी आहे. दक्षिणोत्तर रस्त्यांना उतार, तिथे पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून खळाळत पळतं, रात्री खिडकी उघडी ठेवली तर झोप येऊ देत नाही. पण पूर्व-पश्चिम आडव्या रस्त्यात वळला की तोच अरिक सुस्तावतो. जांभया देत, पानं गोळा करत, कोपऱ्यात तंबाखू मळत बसल्यासारखा. आपाने याचा उपयोग मला शिकवला. अल्माटीत कुणी घरनंबर सांगत नाही. दोन रस्त्यांचा चौक सांगतात आणि पुढे 'विशे' किंवा 'निझे' – वर किंवा खाली. अबायच्या वर, तोले बीच्या खाली. वर म्हणजे डोंगराकडे, दक्षिणेला. टॅक्सीवाल्याला मी फोनमधला नकाशा दाखवायची आणि तो वैतागून विचारायचा, वर की खाली? नकाशात उत्तर वर आणि या शहरात दक्षिण वर. माझ्या डोक्यात दोन्हींची रोज मारामारी. शेवटी नकाशा बंद केला आणि गावाकडची वरली आळी, खालची आळी आठवली. तिथे कुठे होतं होकायंत्र?

डोंगर दिसत असेल तर हे सोपं. पण हिवाळ्यात थंड हवा शहरावर झाकणासारखी बसते, कोळशाचा आणि गाड्यांचा धूर त्याखाली कोंडतो आणि तो चार हजार मीटरांचा डोंगर पाच-पाच दिवस गायब होतो. एवढं मोठं काही हरवू शकतं यावर पहिल्यांदा माझा विश्वास बसेना. अशा दिवसांत मी अरिकात वाकून बघायची. पाणी नसलं तरी त्याच्या तळाच्या पायऱ्या ज्या बाजूला उतरतात ती उत्तर. पानांचा गाळ ज्या पायरीला टेकून साचलाय, ती खालची. फरच्या टोप्या घातलेले लोक माझ्याकडे बघायचे. ही बाई काय हरवलं म्हणून गटारात शोधतेय! (गटार हा शब्द त्यांच्या मनात, माझ्या नाही.)

त्याच्या खोड्याही सांगायला हव्यात. बर्फाखाली दबा धरून बसतो, हे झालंच. गाडी लावताना हातभर चुकलं की चाक गिळतो. मग चार अनोळखी पुरुष कुठूनसे गोळा होतात, एक-दोन-तीन म्हणत गाडी उचलून बाहेर ठेवतात आणि नावगाव न विचारता चालू लागतात. किल्ल्या, एका हाताचे मोजे, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, सगळं त्याच्या पोटात. मोठा पाऊस झाला की रस्त्यावरचं पाणी त्याने न्यायचं असतं. पण जाळी बाटल्यांनी तुंबलेली असली की तो सरळ हात वर करतो आणि चौकाचं तळं होतं. दोष कुणाचा हे बाटल्यांवर लिहिलेलं असतंच.

आपाच्या लहानपणी तो आजच्यासारखा नव्हता म्हणे. त्यात मुलं डुंबायची, बाया काठावर गालिचे धुवायच्या, कलिंगडं गार करायला ठेवायच्या. वरच्या बागांतली अपोर्ट सफरचंदं – लहान मुलाच्या डोक्याएवढी, लाल – शरदात वाहत खाली यायची आणि शाळेतून येणारी पोरं ती अडवायची. अपोर्ट हे अल्माटीचं जुनं अभिमानाचं सफरचंद, आणि जगभरच्या सफरचंदाचा रानटी पूर्वजही याच डोंगरांत वाढतो, तेव्हा गोष्ट खोटी वाटत नाही. आकाराबद्दल मात्र मी आपाला थोडी सूट देते.

एकदा मी सहज म्हटलं, किती गरीब पाणी आहे हो हे. आपाने कप खाली ठेवला. "गरीब? याचा मोठा भाऊ बघितला नाहीस." मोठ्या भावाचं नाव सेल. डोंगरात पाऊस किंवा वितळलेला बर्फ एकदम सुटला की चिखल, धोंडे, झाडं घेऊन उतरणारा लोंढा. 1921 च्या जुलैत धाकट्या अल्मातिन्काच्या खोऱ्यातून तो रात्री शहरात घुसला आणि शेकडो माणसं घेऊन गेला. म्हणून 1966 आणि 1967 मध्ये मेदेउच्या खोऱ्यात सुरुंग लावून डोंगराचे कडेच उडवले आणि त्या दगडांचं धरण केलं. ते पुरतं अंग धरतं न धरतं तोच 1973 च्या जुलैत सेल पुन्हा आला आणि त्या धरणाने तो अडवला. आपा तेव्हा तरुण होती. रेडिओपाशी बसून काढलेल्या रात्री तिने मला मोजून सांगितल्या. आज लोक 1691 मीटर उंचीवरच्या मेदेउच्या बर्फमैदानावर स्केटिंग करतात आणि मग त्या धरणाच्या पायऱ्या धापा टाकत चढतात. त्याच डोंगराचं, त्याच खोऱ्यातलं पाणी. थोरला दारं मोडून येतो, रोडका सांगितल्या वाटेने खिडकीखालून जातो.

एप्रिलमध्ये एका सकाळी पाणी सोडलं. त्याआधी आठवडाभर नारिंगी जाकिटातली माणसं फावड्यांनी हिवाळ्याचा गाळ उपसत होती. मी ऑफिसला निघाले होते आणि वरून आवाज आला. पाण्याचा नव्हे, सुक्या पानांचा, कुणी ती चुरगळत येत असल्यासारखा. मग ते दिसलं. पाण्याचं तोंड, बोटभर उंच, तपकिरी फेसाचं. पुढे पानं, काड्या, सिगारेटची थोटकं, एक निळं झाकण ढकलत येणारं. प्रत्येक पायरीपाशी क्षणभर थांबायचं, भरायचं, उतरायचं. आवर्तनाचं पहिलं पाणी कोरड्या चारीत उतरतं ते अगदी असंच. मी तिथेच काठावर बसले आणि वडलांना व्हिडिओ कॉल लावला. 2024 च्या मार्चपासून इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे असतं, त्यामुळे त्यांचा चहा नुकता झालेला. फोन पाण्याकडे वळवला. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेपटापर्यंत पोचतं का?"

आमचं शेत पाटाच्या शेपटाला. दुसरा कुठला प्रश्न ते विचारणार?

रविवारी मी पाण्याबरोबर खाली निघाले. वर, डोंगराच्या बाजूला, हवा स्वच्छ आणि घरं महाग. तिथले अरिक दगडी फरश्यांचे, पाणी काचेसारखं. अबाय रस्त्यापाशी ते गढूळ झालं. कबानबाय बातिरला दोन फाटे फुटून निम्मं झालं, तोले बीला पाण्याची करंगळी उरली. मधेच एका जाळीत पिशव्यांचा बोळा अडकला होता, तो मी काठीने ओढून काढला. शेजारच्या दुकानातल्या बाईने दारातूनच मान हलवली. रायिमबेकजवळ पोचले तर अरिक कोरडा. तळाला मागच्या शरदातली पानं तशीच, आणि काठावरचं एल्म पाण्याच्या वाटेला डोळे लावून उभं.

संध्याकाळी आण्णांना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "पाटकरी कोण आहे तिथला?"

पूर्वी असायचा, म्हटलं, त्याला मिराब म्हणायचे. आता महापालिकेची माणसं बघतात.

"मग त्यांना जाऊन भेट," आण्णा म्हणाले. "नुसतं बघत काय बसलीस?"