लेट्यूसची करपलेली कड

गच्चीवरच्या पाइपांत मातीविना लेट्यूस लावायला लागून तीन वर्षं झाली. सासूबाई तिला अजून ‘नळातली भाजी’ म्हणतात. बेळगावची हवा तिला मानवते; मृगानंतर ओले, कोंदट दिवस आले की मात्र पानांची कुरकुर सुरू.

यंदा आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या, कुणी उदबत्ती टेकवावी तशा. शेजारच्या काकू म्हणाल्या, “रोग पडलाय बघा, फवारा की काहीतरी.” दुकानदारानं तर बुरशीचं आणि किडीचं औषध एकत्रच मारा म्हणून सांगितलं. पण माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेतलं. डाऊनी, भुरी हे शब्द आम्ही बाराखडीबरोबर शिकलो. रोगाचा डाग पानावर कुठंही पडतो. इथं फक्त वाढती पानं आणि फक्त कड. पान उलटलं, खाली काही नाही.

हा रोग नव्हेच. कॅल्शियम पाण्यात असतं, पण पानातून बाष्प जातं त्या ओढीनंच ते वर चढतं. आतली पानं एकमेकांना बिलगलेली. कोंदट हवेत त्यांच्यातून बाष्प जात नाही, मग कड उपाशी राहते. खत जास्त झालं की वाढ धावते आणि उपास आणखी वाढतो. पाण्यात जादा कॅल्शियम ओतून म्हणूनच फारसं साधत नाही. मी जुना टेबलफॅन लावला, पानं हलतील एवढाच. खताचं पाणी पातळ केलं, ईसी १.६ होता, तो १.१ वर आणला. सामू ६ होता, त्याला हात लावला नाही. करपलेली कड परत हिरवी होत नसते. ती कात्रीनं काढायची, उरलेलं पान कोशिंबिरीत.

पन्हळीकडच्या दोन रोपांचं वेगळंच निघालं. पावसाचे शिंतोडे तिथंच येतात. वरून शिरांनी आखलेले फिकट पिवळे डाग, पालथं केलं तर पांढरी लव. हा खरा डाऊनी, म्हणजे केवडा. द्राक्षाचा निराळा, लेट्यूसचा निराळा, पण ओल्या पानावर वाढायची खोड तीच. तेव्हा तुम्हीही पान आधी उलटून बघा.

फवारायचं का? नात येता-जाता पान खुडून कच्चंच तोंडात टाकते. आणि किडीच्या औषधाला मावा कुठला नि त्याला खाणारा ढालकिडा कुठला, काय कळतं? त्रस जीवांवर हात उचलायला मन घेईना. दोन्ही रोपं मुळासकट काढून पिशवीत बांधली.

“त्यांचापण जीवच की,” सासूबाई म्हणाल्या.

“दोन गेली, अठ्ठावीस राहिली,” मी म्हटलं. हा हिशेब त्यांना पटला नाही. मलाही पुरता पटलाय असं नाही.

पन्हळीकडे आता प्लास्टिकचा कागद बांधलाय. चातुर्मासात सासूबाई पालेभाजीला शिवत नाहीत. तरी सकाळी पंखा चालू आहे का, ते आधी त्याच बघून येतात.