दोन-आठचं माप

पुतणीच्या लग्नात कासारीण म्हणाली, "काकू, हात ढिला सोडा." सोडलाच होता की! दोन-सहाची बांगडी बोटांच्या मुळाशी येऊन अडली. तिनं साबण लावून जोरात दाबलं आणि मी अशी ओरडले की मांडवातल्या बायका वळून बघायला लागल्या. शेवटी दोन-आठची चढली. ती आता कोपरापर्यंत घरंगळते.

आमच्या तीर्थपुरीत हातांच्या या दुखण्याला वात म्हणतात. निर्गुडीचा पाला बांधा, दही सोडा. डॉक्टर म्हणाले, दह्याचा दोष नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी तासभर मूठ वळत नाही. थापायची भाकरी सुटली, मी लाटते. त्यावर सासूबाई जे नाक मुरडायच्या, ते त्या गेल्या तरी मी विसरलेले नाही.

गोळी मेथोट्रेक्सेटची, आठवड्यातून एकदाच, सोमवारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मूळची कर्करोगावरची, म्हणून औषधांच्या दुकानातला पोरगा चिठ्ठी वाचून माझ्याकडे हळहळून बघतो.

पुण्याकडच्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. त्यात माझा हा आजार हजारात पाचेक जणांना निघाला. म्हणजे प्रत्येक गावात कुणीतरी असणारच. आमच्याकडे आत्या होती. तिची तपासणी कधी झाली नाही, पण चारही बोटं करंगळीकडे कललेली, वाऱ्यानं झुकलेल्या ज्वारीसारखी. तिच्या बांगड्या वर्षानुवर्षं निघायच्याच नाहीत.

तिचे यजमान, आमचे मामा, वारले तेव्हा त्या फोडल्या. सुजलेलं मनगट दगडावर धरून. आत्या मामांसाठी रडत होती की हातासाठी, मला कळेना. बायका म्हणाल्या, "किती जीव होता बाई नवऱ्यावर!" त्यातल्या एकीशी मी अजून धड बोलत नाही.

२०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडायची ही प्रथा बंद करायचा ठराव केला. बातमी वाचून मी ह्यांना बजावलं, "तुमच्या माघारी माझ्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही. पोरांना सांगून ठेवा."

ह्यांनी पेपर खाली केला. "मला मारून झालं असेल तर गोळी घे. सोमवार आहे."